रोमच्या शेजाऱ्यांचं मूळ गाव कोणतं?

मागच्या अंकात मी सेर्वेतेरीच्या दफनभूमीवर लिहिलं होतं. रोमच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेली एट्रुस्कन थडगी, त्यांच्या मधून जाणारे गल्ल्यांसारखे रस्ते, आत दगडाच्याच खाटा नि उशा, असा तो मजकूर होता. त्यावर इतकी पत्रं आली की रोमन सम्राटांवर लिहिलेल्या लेखांनाही कधी आली नव्हती. बहुतेकांचा रोख एकच: हे लोक होते कोण, आले कुठून आणि रोमनांशी त्यांचं नातं काय? काही पत्रं एकत्र केली आहेत, काहींना कात्री लावली आहे. एक मात्र आधीच सांगून ठेवते. निम्म्या पत्रांत ‘गूढ एट्रुस्कन’ असं लिहिलेलं आहे. कॉलेजात शिकवत होते तेव्हा उत्तरपत्रिकेत या लोकांना कुणी ‘गूढ’ म्हटलं की मी अर्धा गुण कापत असे. ती खोड अजून गेलेली नाही.

प्रश्न: एट्रुस्कन लोक आशियातून गलबतांनी इटलीत आले असं मी लहानपणी वाचलं होतं. हल्ली म्हणतात की ते इटलीतलेच. नक्की काय धरायचं? (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

उत्तर: तुम्ही वाचलेली गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातली. लिडियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात, राजा अतिसच्या काळात दुष्काळ पडला. भूक विसरण्यासाठी लोकांनी फासे आणि चेंडूचे खेळ शोधून काढले. एक दिवस खेळायचं आणि जेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी जेवायचं आणि खेळायचं नाही. अशी १८ वर्षं काढली. तरी दुष्काळ हटेना, तेव्हा राजानं प्रजेचे दोन भाग करून चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांच्या वाट्याला जाणं आलं ते राजपुत्र तिऱ्हेनसबरोबर स्मिर्ना बंदरातून निघाले आणि इटलीत उंब्रियन लोकांच्या मुलखात उतरले. ग्रीक लोक एट्रुस्कनांना तिऱ्हेनोई म्हणत, त्या नावाचा मालक या गोष्टीत आयता मिळतो. इटलीच्या पश्चिमेच्या समुद्राला आजही तिऱ्हेनियन समुद्रच म्हणतात.

गोष्ट झकास आहे. १८ वर्षं दिवसाआड जेवून माणसं जहाजं बांधण्याइतकी धडधाकट कशी राहिली, हे मात्र हेरोडोटस सांगत नाही.

तिला पहिला जोरदार विरोध केला तो डायोनिसियसनं. हाही हेरोडोटसच्याच गावचा, हॅलिकार्नासस गावचा. मधे चारेकशे वर्षं गेलेली. हा सम्राट ऑगस्टसच्या काळात रोममध्ये राहून लिहीत होता. त्याचं म्हणणं असं की लिडियाचा स्वतःचा इतिहासकार झँथस या तिऱ्हेनसचं नावसुद्धा घेत नाही. एट्रुस्कनांची भाषा लिडियन नाही, देव लिडियन नाहीत, कायदे लिडियन नाहीत. हे लोक स्वतःला रासेन्ना म्हणवतात, ते फार प्राचीन आहेत, दुसऱ्या कुणासारखे नाहीत आणि तिथलेच आहेत. मुद्दे चांगले आहेत, पण डायोनिसियसचाही एक डाव होता. त्याला सिद्ध करायचं होतं की रोमन हे मुळात ग्रीकच. मग शेजारच्या एट्रुस्कनांना ग्रीक जगापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं बरं. बरोबर उत्तर माणूस चुकीच्या हेतूनंही देऊ शकतो.

आता जमिनीत काय आहे ते बघू. १८५३ साली जोव्हान्नी गोझ्झादिनी नावाच्या सरदारानं बोलोन्याजवळ व्हिलानोव्हा इथे एक जुनी दफनभूमी उकरली. मृतदेह जाळून राख मडक्यात ठेवलेली. ते मडकं दोन शंकू पायाशी जोडावेत तशा आकाराचं, वर झाकण म्हणून पालथा वाडगा. तर्क्विनियात योद्ध्याच्या मडक्यावर वाडग्याऐवजी शिरस्त्राण असे. ही व्हिलानोव्हा संस्कृती साधारण इ.स.पू. ९०० पासूनची. पुढे जी मोठी एट्रुस्कन शहरं झाली, तर्क्विनिया, व्हेई, सेर्वेतेरी, व्हुल्ची, त्यांच्या बुडाशी व्हिलानोव्हाची वस्ती सापडते. मधे जाळपोळीचा थर नाही, नवी माणसं येऊन जुन्यांना हुसकावल्याची खूण नाही. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्वेकडचं सोनं, हस्तिदंत, सिंह-गरुडांची नक्षी यांचा पूर येतो. ते बघून ‘आशियातून माणसं आली’ असं वाटणं साहजिक होतं. पण एट्रुरियात, म्हणजे आजच्या तोस्काना आणि आसपासच्या एट्रुस्कनांच्या मुलखात, लोखंड आणि तांबं भरपूर होतं, ग्रीक आणि फिनिशियन व्यापारी त्यासाठीच तिथे येत. खनिज बाहेर गेलं आणि त्याच्या बदल्यात चैनीचा माल आत आला.

मास्सिमो पाल्लोत्तीनो या इटालियन पंडितानं १९४७ साली प्रश्नच फिरवला. ‘कुठून आले’ हे विचारणं सोडा, एट्रुरियात राहूनच ते एट्रुस्कन कसे बनले ते विचारा, असं तो म्हणाला. मी त्याच्या बाजूची आहे. माझी आजची सगळी उत्तरं त्याच अंगानं वाचावीत.

प्रश्न: डीएनएवरून हा वाद मिटला का? आणि त्यांचे जीन्स शेजाऱ्यांसारखेच असतील तर भाषा वेगळी कशी? (बारावीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा फार चांगला आहे.

आधी पहिला. २००७ साली तोस्कानातल्या आजच्या रहिवाशांच्या मातृवंशी डीएनएचा अभ्यास झाला. मुर्लो नावाच्या छोट्या गावात पश्चिम आशियाशी जुळणाऱ्या खुणा बऱ्याच निघाल्या आणि हेरोडोटस जिंकल्याच्या बातम्या छापून आल्या. त्याच वर्षी तोस्कानातल्या गाईंचाही अभ्यास आला, त्याही पूर्वेकडच्या निघाल्या! पण आजची माणसं तपासून अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं सांगायचं तर मधल्या काळात कोण येऊन मिसळलं याचा हिशेब लागत नाही. तो लागला २०२१ मध्ये, जुनी हाडंच तपासली तेव्हा. एट्रुरिया आणि दक्षिण इटलीतल्या ८२ व्यक्ती, काळ इ.स.पू. ८०० ते इ.स. १०००. निष्कर्ष असा निघाला की एट्रुस्कन माणूस आणि त्याचा लॅटिन शेजारी यांचा वंश जवळपास सारखा आहे. आशियातून नुकत्याच झालेल्या स्थलांतराची खूण नाही. पूर्व भूमध्य प्रदेशातल्या लोकांची मोठी भर पडली आहे, पण ती रोमन साम्राज्याच्या काळात, म्हणजे एट्रुस्कन शहरांचे चांगले दिवस संपल्यावर. रोम परिसरातल्या १२७ व्यक्तींच्या २०१९ च्या अभ्यासातही साम्राज्यकाळात असंच वळण दिसतं. मुर्लोच्या खुणा मधल्या या काळातून आल्या असू शकतात.

आता दुसरा. लॅटिन ही भारोपीय कुळातली भाषा, म्हणजे संस्कृत, ग्रीक आणि आपली मराठी ज्या कुळातल्या त्यातली. एट्रुस्कन त्या कुळातली नाही. भारोपीय भाषा युरोपात आणणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्या गवताळ मैदानी पशुपालकांचा वंशही एट्रुस्कन हाडांत चांगला भरलेला आहे. म्हणजे पाहुणे आले, लग्नं झाली, मुलंबाळं झाली, आणि मुलं जुनीच भाषा बोलत राहिली. हे अशक्य नाही. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक आजही तेच करून दाखवतात: वंश बराचसा शेजाऱ्यांसारखा, भाषा कुणाशीच न जुळणारी. रक्ताची वही आणि भाषेची वही वेगवेगळ्या ठेवायच्या, एकीवरून दुसरीतल्या नोंदी करायच्या नाहीत.

एट्रुस्कनला भाऊबंद अगदीच नाहीत असं मात्र नाही. आल्प्समधली रेटिक भाषा तिच्या जवळची आहे. लिव्ही हा रोमन इतिहासकार पर्वतातल्या रेटी लोकांना एट्रुस्कनांचेच वंशज म्हणतो आणि वर शेरा मारतो की त्या जागेनं ते रानटी झाले, एट्रुस्कनपणाचा फक्त उच्चार उरला, तोही बिघडलेला. दुसरा भाऊबंद जास्त अडचणीचा. एजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ लेम्नोस बेट आहे. तिथे कामिनिया गावात १८८५ साली इ.स.पू. सहाव्या शतकातली एक शिळा मिळाली. भालाधारी माणूस, भोवती लेख, आणि भाषा एट्रुस्कनची सख्खी बहीण शोभावी अशी. मृताचं वय सांगणारे शब्द तर जवळपास तेच. आशियावाद्यांनी ही शिळा छातीशी धरली. पण एट्रुस्कन दर्यावर्दी होते, चाचेगिरीबद्दल ग्रीक त्यांना शिव्या देत. त्यांच्यातलेच काही त्या बेटावर जाऊन राहिले असतील, असंही तिचं वाचन होऊ शकतं. किंवा एका फार जुन्या भाषेचे दोन तुकडे दोन टोकांना उरले असतील. मला यातलं दुसरं जास्त पटतं. तुला काय पटतं ते ठरव आणि का पटतं ते लिहून कळव.

प्रश्न: एट्रुस्कन लिपी अजून वाचता आलेली नाही ना? सिंधू लिपीसारखीच? (डोंबिवली, ठाणे आणि अकोल्याहूनही हाच प्रश्न)

उत्तर: नाही, नाही, नाही. तिघांना एकेक.

लिपी सरळ वाचता येते, कारण ती ग्रीकांकडूनच घेतलेली आहे. नेपल्सजवळ इस्किया बेटावर आणि कुमे इथे युबिया बेटावरचे ग्रीक इ.स.पू. आठव्या शतकात येऊन राहिले, त्यांच्याकडून. मार्सिलियाना गावच्या एका थडग्यात तळहातावर मावेल एवढी हस्तिदंती पाटी निघाली. तिच्या कडेवर २६ अक्षरं ओळीनं कोरलेली आहेत, पुढे बघून गिरवायला. लेखन उजवीकडून डावीकडे. अडचण आहे ती मजकुराची. दहा हजारांहून जास्त लेख आहेत, पण बहुतेक म्हणजे ‘अमक्याचा मुलगा तमका, इतक्या वर्षांचा’. स्मशानातल्या पाट्या वाचून मराठी शिकायला बसलात तर ‘कैलासवासी’ पाठ होईल, ‘भाजी महाग झाली’ कसं म्हणायचं ते कळणार नाही.

तरी कामाच्या गोष्टी हाती आहेत. तुस्कानियाच्या फाशांवर ठिपक्यांऐवजी आकड्यांचे शब्द कोरलेले आहेत, त्यातून एक ते सहा मिळाले. चार कोणता आणि सहा कोणता यावर अजून भांडण चालू आहे. १९६४ मध्ये सेर्वेतेरीच्या बंदरावर, पिर्जी इथे, सोन्याचे तीन पत्रे सापडले. खोदकाम त्याच पाल्लोत्तीनोचं. दोन पत्र्यांवर एट्रुस्कन, एकावर फिनिशियन, काळ इ.स.पू. ५०० च्या आसपास. सेर्वेतेरीचा राजा थेफारिए व्हेलियानास यानं देवीला स्थान अर्पण केल्याची नोंद. एट्रुस्कनमध्ये देवीचं नाव उनी, फिनिशियनमध्ये अस्तार्ते. शब्दाला शब्द जुळत नाहीत, पण ‘तीन वर्षं’ सारखे धागे हाती लागतात.

आणि सगळ्यात लांब एट्रुस्कन मजकूर कुठे आहे? क्रोएशियात झाग्रेबच्या संग्रहालयात, एका इजिप्शियन ममीच्या पट्ट्यांवर. मिहायलो बारिच या कारकुनानं १८४८ साली ती ममी इजिप्तमध्ये विकत घेतली आणि घरी दिवाणखान्यात उभी करून ठेवली. तो गेल्यावर ती संग्रहालयाला मिळाली. पट्ट्यांवर काहीतरी लिहिलेलं आहे हे दिसत होतं, पण ते एट्रुस्कन असल्याचं याकोब क्राल यानं १८९१ मध्ये ओळखलं. तागाच्या कापडावर लिहिलेला पूजापाठाचा ग्रंथ होता तो, कोणत्या दिवशी कोणत्या देवाला काय अर्पण करायचं याचा. कुणीतरी तो फाडून बाईला गुंडाळला. सोबतच्या पपायरसवरून ती थिब्ज गावच्या एका शिंप्याची बायको असावी. बाराशेच्या आसपास शब्द वाचता येतात. एट्रुस्कन पंचांग एका शिंपिणीच्या अंगावर आपल्यापर्यंत आलं, हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकांनी परत पाठवलं असतं.

प्रश्न: रोमुलस, रेमस आणि लांडगीण. यात खरं किती? (नागपूर)

उत्तर: लांडगीण सोडून बोलू.

रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ मध्ये झाली हे वर्ष वर्रो या विद्वानाचं. त्याआधी ग्रीक इतिहासकार तिमेउसनं ८१४ दिलं होतं, रोमन इतिहासकार फाबियस पिक्तोरनं ७४८ च्या आसपासचं. म्हणजे रोमनांनाही ते ठाऊक नव्हतं, त्यांनी हिशेब मांडून काढलं. शिवाय त्यांच्यापुढे दोन आरंभकथा होत्या आणि दोन्ही सोडवत नव्हत्या. एक लांडगिणीनं पाजलेल्या जुळ्यांची, ज्यांतल्या रोमुलसनं शहर वसवलं, आणि दुसरी ट्रॉयहून वडिलांना खांद्यावर घेऊन निघालेल्या इनियसची. ट्रॉय पडलं ते ग्रीक हिशेबानं इ.स.पू. ११८४ मध्ये. मधली चारशेहून जास्त वर्षं भरायची कशी? तर आल्बा लोंगा गावी राजांची एक लांबलचक वंशावळ बसवून. आपल्याकडे घराण्याचं मूळ थेट राजस्थानात नेऊन भिडवण्याची जी हौस असते तीच ही, फक्त भाट लॅटिन बोलणारे होते.

जमीन काय सांगते? पॅलाटाइन टेकडीवर लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खड्डे आहेत, आठव्या शतकाच्या सुमाराचे. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. त्या झोपडीचं रूप लॅटिन लोकांच्या मातीच्या अस्थिकलशांत जसंच्या तसं दिसतं, कलशच छोट्या घराच्या आकाराचे. १९८८ मध्ये आंद्रेआ कारांदीनी या पुरातत्त्वज्ञाला टेकडीच्या पायथ्याशी आठव्या शतकाच्या मध्यातली भिंत मिळाली आणि त्यानं ती रोमुलसपर्यंत नेली. भिंत मला मान्य आहे, रोमुलस नाही. कुणी एका सकाळी नांगर धरून शहर वसवलं नाही. टेकड्यांवरच्या वाड्या हळूहळू एक झाल्या आणि मधली दलदल उपसून बाजाराची जागा केली. तिथेच पुढे फोरम, म्हणजे रोमचा मुख्य चौक, झाला.

लांडगिणीचं एवढंच. कॅपिटोलाइन संग्रहालयातला प्रसिद्ध पुतळा एट्रुस्कन म्हणून पाठ्यपुस्तकांत छापला जातो. अलीकडच्या चाचण्यांनंतर बरेच संशोधक तो मध्ययुगातला, अकराव्या-बाराव्या शतकातला मानतात. खालची दोन पोरं तर पंधराव्या शतकात जोडली.

प्रश्न: रोमवर एट्रुस्कनांनी राज्य केलं की नाही? काही पुस्तकांत ‘एट्रुस्कन राजवट’ असं प्रकरण असतं, काहींत नसतं. (एमपीएससीची तयारी करणारा, लातूर)

उत्तर: परीक्षेत लिहायचं असेल तर हे लिहा: परंपरेनं सात राजे, त्यांतले शेवटचे तीन एट्रुस्कन संबंधातले. तर्क्विनियस प्रिस्कस, सर्व्हियस तुलियस, तर्क्विनियस सुपर्बस, इ.स.पू. ६१६ ते ५०९. आता परीक्षेबाहेरचं सांगते.

पहिला तर्क्विनियस एट्रुस्कन म्हणावा तर बाप देमारातुस हा कोरिंथचा ग्रीक, तिथून परागंदा होऊन तर्क्विनियात आलेला व्यापारी. आई तिथली. परक्याच्या मुलाला तर्क्विनियात मान मिळेना म्हणून बायको तानाक्विल हिनं नवऱ्याला रोमला चलायला लावलं. वाटेत गरुडानं त्याची टोपी उचलली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली, शकुन कळणाऱ्या तानाक्विलनं अर्थ सांगितला की तू राजा होणार. त्याच्या बराच आधीचा दुसरा राजा नुमा हा सबाइन, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या जमातीचा होता. म्हणजे रोमनांच्या स्वतःच्या आठवणीत राजे बहुधा बाहेरचेच. याला मी राजवट म्हणणार नाही. एट्रुरियाच्या फौजेनं रोम जिंकून आपला सुभा केला असं काही नव्हतं. मोठी घराणी एका शहरातून दुसऱ्यात जाऊन नशीब काढत होती, आणि मधली टायबर नदी ही काही भिंत नव्हती.

सर्व्हियस तुलियसची गोष्ट सर्वांत रंगतदार. रोमन म्हणत, तो बंदिवान बाईचा मुलगा. पण इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियस सिनेटमध्ये भाषण करत होता. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, सरदारांना सिनेटमध्ये घ्यावं की नाही यावर वाद चालला होता आणि मुद्दा हाच होता की रोमला परके नवे नाहीत. भाषणात तो म्हणाला, एट्रुस्कन लेखकांच्या मते सर्व्हियसचं खरं नाव मास्तार्ना, तो काएलियस व्हिबेन्ना या सरदाराचा जिवलग साथी. काएलियसच्या उरलेल्या फौजेनिशी रोममध्ये आला आणि टेकडीला मित्राचं नाव दिलं, तीच काएलियन टेकडी. हे भाषण काशाच्या पत्र्यावर कोरलेलं १५२८ साली लियोंमध्ये सापडलं. क्लॉडियसला या विषयाचा नाद होता. त्याची पहिली बायको एट्रुस्कन घराण्यातली आणि त्यानं स्वतः एट्रुस्कनांचा २० भागांचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला होता. त्यातलं एक पानही उरलं नाही. रोमन वाङ्मयातलं हरवलेलं एकच पुस्तक परत मागायची मुभा मिळाली तर मी तेच मागेन.

मग १८५७ मध्ये आलेस्सान्द्रो फ्रान्स्वानं व्हुल्चीत एक थडगं उघडलं. इ.स.पू. चौथ्या शतकातलं. भिंतीवर चित्रं, चित्रातल्या माणसांशेजारी नावं लिहिलेली. एक नागवा कैदी, हात बांधलेले: काइले व्हिपिनास. तलवारीनं त्याचे दोर कापणारा: माक्स्त्र्ना. क्लॉडियसचीच जोडी, त्याच्या भाषणाच्या सुमारे चारशे वर्षं आधी रंगवलेली! बाजूला आणखी मारामाऱ्या, आणि एका जोडीत मार खाणाऱ्याचं नाव आहे ‘ग्नेउस तर्क्विनियस, रोमचा’. हा रोमनांना माहीत असलेला तर्क्विनियस राजा नव्हे, राजांचं पहिलं नाव लुसियस होतं. व्हिबेन्ना हे नाव तर व्हेईच्या देवळात सापडलेल्या सहाव्या शतकातल्या काळ्या मडक्यावरही आहे. समोरच्या भिंतीवर अकिलिस ट्रोजन कैद्यांचे गळे कापतो आहे. ही चित्रं काढली त्या काळात रोम एट्रुरियाची शहरं गिळत चाललं होतं आणि रोमन स्वतःला ट्रॉयचे वारस म्हणवत होते. थडग्याच्या मालकाला काय सुचवायचं होतं ते वेगळं सांगायला नको.

राजे गेले तरी सामान राहिलं. कुऱ्हाडीभोवती बांधलेली छड्यांची मोळी, ती वाहणारे १२ चोपदार, घडीची राजखुर्ची, जांभळ्या काठाचा टोगा, विजयाची मिरवणूक, हे सगळं एट्रुस्कनांकडून आलं असं रोमनच सांगतात. मोळीचं लोखंडी छोटं रूप व्हेतुलोनियातल्या थडग्यात १८९८ मध्ये सापडलंही. कॅपिटोलच्या देवळातला ज्युपिटर घडवला तो व्हेईच्या व्हुल्का या मूर्तिकारानं.

प्रश्न: आम्ही घरी रोमी लिपीत कोंकणी लिहितो. ही अक्षरं रोमनांची की एट्रुस्कनांची? (मडगाव)

उत्तर: ग्रीकांकडून एट्रुस्कनांमार्फत रोमनांकडे, असा मुख्य प्रवाह. पुरावा तुमच्या लिपीतल्या तिसऱ्या अक्षरात आहे. ग्रीक वर्णमालेत तिसरा ‘ग’. एट्रुस्कनांना ‘क’ आणि ‘ग’ वेगळे लागत नसत, त्यांनी त्याचा ‘क’ केला. रोमनांनी ते तसंच उचललं आणि मग त्यांची पंचाईत झाली, कारण लॅटिनला ‘ग’ लागतो. शेवटी इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याच अक्षराला एक आडवी रेघ मारून नवा ‘ग’ केला. गायस हे नाव मात्र ते शेवटपर्यंत जुन्याच अक्षरानं लघुरूपात लिहीत राहिले.

प्रश्न: आमच्याकडच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली. तिचा एट्रुस्कनांशी संबंध जोडता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयातली ती मूर्ती रोमन व्यापाराच्या काळातली, सातवाहन आपल्याकडे होते तेव्हाची. त्या वेळी एट्रुस्कन बोलणारं क्वचितच कुणी उरलं असेल. लांबचा धागा हवाच असेल तर पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला जा. तिथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलरनं खणलं तेव्हा लाल चकचकीत भांड्यांचे तुकडे निघाले, इटलीत आरेझ्झो इथे घडवलेले. आरेझ्झो हे जुनं एट्रुस्कन शहर. पण भांडी घडवणारे तोवर रोमन झाले होते, तेव्हा फार ताणू नये.

प्रश्न: मग हे लोक गेले कुठे? एवढी शहरं, एवढी भाषा, आणि एकदम काहीच नाही? (गृहिणी, नाशिक)

उत्तर: एकदम नाही, सावकाश. रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवरचं व्हेई इ.स.पू. ३९६ मध्ये पडलं, व्होल्सिनी २६४ मध्ये. बाकीची काही लढून, काही तह करून रोमच्या छत्राखाली आली. इ.स.पू. ९० च्या सुमारास इटलीतल्या मित्रांना नागरिकत्व मिळालं आणि मग लॅटिन शिकण्यात फायदा होता. पेरुजियाजवळ व्होलुम्नी घराण्याचं थडगं आहे, १८४० मध्ये सापडलेलं. त्यात आधीच्या पिढ्यांचे कलश एट्रुस्कनमध्ये, आणि शेवटच्या संगमरवरी कलशावर दोन्ही भाषा. एट्रुस्कनमध्ये पुप व्हेलिम्ना, लॅटिनमध्ये पुब्लियस व्होलुम्नियस. पण लॅटिन मजकुरातही तो आईच्या घराण्याचं नाव सोडत नाही: ‘काफातियाचा जन्मलेला’. रोमनांना बापाचं नाव पुरत असे. एट्रुस्कनांत आईचंही लावत, बायकांना स्वतःचं पहिलं नाव असे, त्या नवऱ्याशेजारी मेजवानीला बसत. ग्रीकांना आणि रोमनांना हे बघून घेरी यायची, थेओपोम्पुस या ग्रीक इतिहासकारानं तर त्यावर अचकट-विचकट लिहून ठेवलं आहे. भाषा बदलली तरी आई राहिली, हे मला आवडतं.

घराणी तर अगदी वर पोचली. ऑगस्टसचा सल्लागार मायकेनास आरेझ्झोचा, एट्रुस्कन वंशाचा. त्याच्याच आश्रयानं व्हर्जिलनं इनियसचं महाकाव्य लिहिलं, रोमनांच्या ट्रोजन मुळाचं. आणि त्यात गंमत अशी की ट्रोजनांचा मूळपुरुष दार्दानस हा मुळात एट्रुरियातल्या कोरिथस गावचा! म्हणजे इनियस परमुलखात आलाच नाही, घरी परतला. पैसे कुणाचे होते ते लक्षात घेऊन वाचा.

सगळ्यांत चिवट ठरले ते शकुन सांगणारे. मेंढीच्या काळजावरून, म्हणजे यकृतावरून, भविष्य पाहायची त्यांची विद्या रोमन सरकारला लागत असे. पियाचेन्झाजवळ १८७७ मध्ये सापडलेलं काशाचं काळीज त्याच शिकवणीचं साधन, कडेला १६ घरं आणि प्रत्येकात देवाचं नाव. मार्चच्या मध्यापर्यंत जप, असं सीझरला बजावणारा स्पुरिन्ना याच पंथातला. इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक यानं रोमला वेढा दिला तेव्हाही एट्रुस्कन शकुनी पुढे आले, आम्ही वीज पाडून त्याला पळवतो म्हणाले. रोम तोवर ख्रिस्ती झालं होतं. इतिहासकार झोसिमस लिहितो की पोपनं गुपचूप होकार दिला होता, पण विधी उघड्यावर करावा लागेल म्हटल्यावर कुणी धजलं नाही. अलारिकला शेवटी सोनं देऊन वाटेला लावलं.

प्रश्न: पुढच्या वर्षी मुलाकडे इटलीत जाणार आहोत. एकच दिवस आहे. काय बघू? (पुणे)

उत्तर: एकच दिवस असेल तर सेर्वेतेरीच. रोमहून लोकल गाडीनं लादिस्पोली-सेर्वेतेरी स्टेशन, तिथून बसनं गाव, पुढे बांदिताच्चाची दफनभूमी पायी. आत गेल्यावर ‘उठावकामाचं थडगं’ विचारा. काचेआडून बघावं लागतं, पण मातुना घराण्यानं भिंतीवर अख्खं घर टांगून ठेवलं आहे: सुऱ्या, दोरखंड, भांडी, ढाली, उशा, खाली एक कुत्रासुद्धा. उरलेल्या थडग्यांत दगडी शय्या बघताना लक्ष ठेवा, खाटेसारखे पाय कोरलेली शय्या पुरुषाची, घराच्या छपरासारख्या टोकाची बाईची. दुपार हाताशी उरली तर रोममध्ये व्हिला जुलिया संग्रहालय, तिथे पिर्जीचे सोन्याचे पत्रे आहेत आणि टेकून बसलेलं ते नवरा-बायकोचं मातीचं जोडपं. सोमवार टाळा, बंद असतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर छत्री न्या, थडग्यांत गारवा असतो पण मधल्या रस्त्यांवर सावली फार नाही.